महादेवअण्णांच्या जेलमधून धावणारा डीएनए

महादेवअण्णांनी माझ्या टेबलावर दोन पांढरे डबे ठेवले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, ह्यातला एक चांगला आणि एक खराब, असं लोक म्हणतात. मी दोन्ही एकाच मशीनवर केलेत, एकाच हाताने केलेत. तुम्ही बघा आणि काय ते सांगा."

मी डबे बघितले. दोन्ही सारखेच. झाकणावर फक्त लॉट नंबर वेगळा. आत पिठीसाखरेसारखी पावडर.

"बसा तरी," मी म्हटलं.

"बसायला वेळ नाही हो. तिकडे पॅकिंग बंद आहे."

बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक सिटीमध्ये एक खाजगी सर्व्हिस लॅब आहे, तिथे मी मायक्रोस्कोप सांभाळते. बाहेरच्या कंपन्या नमुने पाठवतात, आम्ही बघून रिपोर्ट देतो. कुणाच्या गोळीत चीर गेलेली असते, कुणाच्या क्रीममध्ये खडे झालेले असतात. माणसं आमच्याकडे सहसा वैतागूनच येतात. पण इतका दुखावलेला क्लायंट मी पहिल्यांदाच बघत होते.

अण्णांचा होसकोटेला छोटा कारखाना. माल एकच, जेलची पावडर. ती होते समुद्रातल्या शेवाळापासून. घरी आपण चायना ग्रास उकळतो आणि थंड झालं की त्याच्या वड्या पाडतो, त्याचीच ही फार शुद्ध केलेली बहीण म्हणा. लॅबमध्ये ती मिठासारख्या क्षारांच्या पाण्यात उकळतात, ट्रेमध्ये ओततात आणि घट्ट होऊ देतात. पारदर्शक, थरथरती वडी तयार होते. ह्या वडीला म्हणायचं जेल.

जेल कशाला लागतं? डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायला. जेलच्या आत धाग्यांचं जाळं असतं. डीएनएवर ऋण भार असतो. जेलच्या एका टोकाला डीएनए ठेवायचा, करंट सोडायचा, की तो धन टोकाकडे जाळ्यातून वाट काढत निघतो. आखूड तुकडे पटकन पुढे जातात, लांब मागे राहतात. सारख्या लांबीचे सगळे एका ओळीत जमतात. रंग घालून निळ्या प्रकाशात बघितलं की ती ओळ चमकते. तिला बँड म्हणतात. ह्या सगळ्या प्रकाराचं नाव जेल इलेक्ट्रोफोरेसिस. नाव अवघड आहे, काम चाळणीचं आहे.

तक्रार होती बँडची. कोरमंगलामधली एक टेस्टिंग लॅब अण्णांची जुनी गिऱ्हाईक. तिथे लांब डीएनए तुटलाय की अखंड आहे ते तपासतात. अखंड असेल तर एक बारीक, स्वच्छ रेघ उमटायला हवी. अण्णांचा नवा लॉट वापरायला घेतला आणि रेघेच्या जागी लांबलचक फराटा यायला लागला, ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखा. खात्रीने अखंड असलेला डीएनए घालून बघितला, तरी फराटाच. म्हणजे नमुना ठीक आणि पावडर खराब, असा त्यांनी निष्कर्ष काढला. लॉट परत घ्या म्हणाले. ही बातमी दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या कानावर गेली, आणि तेही "थोडं थांबू या" म्हणायला लागले.

"तुमच्याकडे तपासलंत?" मी विचारलं.

"न तपासता येईन का? नवा लॉट, जुना लॉट, शेजारी शेजारी चालवले. दोन्हीकडे रेघ कशी, केसासारखी! फोटो दाखवला. ते म्हणतात, तुमचा फोटो तुम्हीच काढलेला. आता काय बोलायचं?"

हे बोलताना त्यांच्या मराठीतला हेल माझ्या कानात शिरला. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही चिकोडीकडचे का?"

"संकेश्वरचा. तुम्ही?"

"निपाणी."

"अय्यो! मग मॅडम कसली!" अण्णा खुर्ची ओढून बसले. "मघापासून उगीच तोंड आवळून बोलतोय मी. तुझं नाव काय, ताई?"

मी नाव सांगितलं, उज्ज्वला. पुढची काही मिनिटं कामाचं बोलणं झालंच नाही. निपाणीत कुठल्या गल्लीत, वडील काय करायचे, इथे किती वर्षं. मग त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "उज्ज्वलाताई, आयुष्यभर ही पावडर केली. ती आत जाऊन काय करते ते मी कधी बघितलेलं नाही. फक्त रेघा बघितल्यात."

मी सहज म्हणून गेले, "मग आत जाऊनच बघू या ना."

म्हणायला सोपं होतं. आमचे डायरेक्टर डॉ. वेंकटेश. माणूस भला, पण कामाला हात घालण्याआधी शंभर प्रश्न विचारणारा. ते मूळचे म्हैसूरचे, आमचं बोलणं इंग्रजी आणि हिंदीत चालतं.

"एकेक मॉलिक्यूल जेलमधून पळताना बघायचा? लाईव्ह?" त्यांनी विचारलं.

"हो सर. रंगवलेला डीएनए आपल्या मायक्रोस्कोपवर दिसतो. पातळ जेल, दोन तारा, कॅमेरा. जमेल."

"आधी केलंय तुम्ही?"

"नाही."

"मग जमेल कशावरून म्हणता?"

"न जमण्याचं कारण सापडत नाही म्हणून."

ते हसले. "ठीक. पण एक अट. कुठला लॉट कुठला हे तुम्हाला माहीत नसेल. चिठ्ठ्या मी लावणार, अ आणि ब. तुमचा आणि त्या गृहस्थांचा गाव जवळजवळ आहे असं मला रिसेप्शनवरून कळलंय."

ही अट मला मनापासून पटली. आपल्याला हवं ते डोळ्यांना दिसायला लागतं, हे मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

काम सुरू झालं. काचेची पट्टी घेतली. तिच्यावर कोमट जेलचा थेंब ठेवला आणि त्यावर पातळ काच अलगद टेकवली. दोन्ही बाजूंना क्षाराच्या पाण्याचे छोटे हौद केले, त्यात प्लॅटिनमच्या तारा सोडल्या. डीएनए घेतला एका विषाणूचा. लॅबमध्ये सर्रास मिळतो, निरुपद्रवी असतो आणि त्याची लांबी पक्की माहीत असते. पूर्ण ताणला तर केसाच्या जाडीच्या साधारण पाचव्या हिस्स्याएवढा. एका रेणूच्या मानाने हे म्हणजे ताडमाड झालं.

पहिल्या प्रयत्नात पडद्यावर नुसतं धुकं आलं. बारीक बारीक ठिपके आणि सगळे सुसाट एका दिशेने. लांब धागा एकही नाही. डीएनए आधीच तुटला होता. मी तो नेहमीच्या पिपेटने खालीवर करून ढवळला होता. पिपेटचं टोक अरुंद. त्यातून इतका लांब रेणू जोरात ओढला की त्याचे तुकडे पडतात. मग टोक ब्लेडने कापून तोंड रुंद केलं आणि अगदी सावकाश, जराही न ढवळता भरलं.

दुसऱ्या खेपेला धागे दिसले! हिरवे, लखलखीत. मी जागच्या जागी टाळी वाजवली, आणि टाळी संपायच्या आत ते पटापट तुटायला लागले. आता दोष प्रकाशाचा होता. रंग चमकावा म्हणून जो प्रकाश टाकायचा, तोच ऑक्सिजनच्या मदतीने डीएनए कापतो. त्याच्यावर उपाय आहे. ऑक्सिजनला नामोहरम करणारं एक रसायन चिमूटभर घालायचं. त्याचा वास मात्र असा की कुजलेली अंडी त्यापुढे अत्तर वाटावीत. धूर ओढणाऱ्या कपाटात हात घालूनच मी ते मिसळलं, तरी थोडा वास कॉरिडॉरमध्ये निसटला. दहा मिनिटांत खालून सिक्युरिटीचा फोन. "मॅडम, थर्ड फ्लोअरवर गॅस लीक आहे का?" डॉ. वेंकटेश दारात येऊन नाकाला रुमाल लावून म्हणाले, "तुमच्या 'जमेल'मध्ये हे होतं का?"

तिसऱ्या खेपेला धागे टिकले. मी अण्णांना फोन केला. "येताय का?"

"काय दिसलं? सांग की."

"फोनवर नाही सांगता येणार."

होसकोटेहून इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे शहराला अर्धा वळसा. अण्णा आले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने चिकटलेला. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. खोलीतला दिवा बंद केला. पडदा काळा, आणि त्यावर हिरवे गोळे तरंगत होते, मऊ लोकरीच्या गुंड्यांसारखे. जागच्या जागी थरथरत होते.

"एक गोळा म्हणजे डीएनएचा एक रेणू," मी म्हटलं. "भोवती जे काळं दिसतंय ते तुमचं जेल. त्याचे धागे दिसत नाहीत, पण आहेत. आता करंट सोडते."

मी बटण दाबलं.

गोळ्यांनी अंग ताणलं. एका बाजूने टोक बाहेर आलं, पुढे सरकलं, मागून बाकीचं शरीर वाहत आलं. एकेक गोळा लांब धागा झाला आणि नागमोडी चालत निघाला. एक धागा मध्येच कशाला तरी अडकला. त्याची दोन टोकं अडथळ्याच्या दोन बाजूंनी पुढे लोंबायला लागली. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखी. दोन्ही टोकं पुढे ओढत होती. थोडा वेळ बरोबरी. मग एक बाजू किंचित लांब झाली, आणखी लांब, आणि आखूड टोक सर्रकन वर चढून अडथळ्यावरून सुटलं. सुटला तसा अख्खा धागा आकसून पुन्हा गोळा झाला. क्षणभर विसावला आणि पुन्हा नाक पुढे काढून निघाला.

अण्णांनी मान पुढे काढली.

मग अण्णा पुटपुटले, "हे... हे जिवंत आहे, ताई."

"नाही अण्णा. करंट आहे तोवरच." मी बटण बंद केलं. धागे हळूहळू आकसून गोळे झाले. दिशा उलटी करून करंट सोडला. आले तसे मागे निघाले.

"मी करू?" अण्णांनी विचारलं.

"करा की."

साठी उलटलेला तो माणूस लहान मुलासारखा पुढे सरकून बटण दाबत बसला. पुढे. मागे. बंद. पुढे. प्रत्येक वेळी अण्णा मोठ्याने हसायचे. "अगं बघ बघ, तो कोपऱ्यातला! अडकला परत! सुट रे बाबा, सुट!" रस्सीखेच सुरू झाली की ते श्वास रोखायचे आणि धागा सुटला की मांडीवर थाप मारायचे. मी तोपर्यंत कितीतरी वेळ तेच बघत होते, पण त्यांच्या शेजारी बसून बघताना मलाही ते नव्याने दिसलं. मी पण हसायला लागले. डॉ. वेंकटेश आवाज ऐकून आत आले ते खुर्ची घेऊनच बसले. त्यांच्या मीटिंगचा निरोप दोनदा आला, दोन्ही वेळा त्यांनी हातानेच "थांबा" सांगितलं.

थोड्या वेळाने अण्णांनी बटणावरचा हात काढला. डोळे पुसले की काय ते अंधारात नीट दिसलं नाही. म्हणाले, "तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगतो, आमच्या जेलची छिद्रं एकसारखी असतात. पाठ केलेलं वाक्य. आज कळलं मी काय सांगत होतो."

आता खरं काम. सरांनी चिठ्ठ्या लावलेल्या अ आणि ब पट्ट्या घेतल्या. अण्णांच्या डब्यासोबत कृतीचा कागद असतो, त्यात शंभर व्होल्ट लिहिलंय. त्यांच्या कारखान्यातला टँक, म्हणजे जेल ठेवून करंट सोडायची पेटी, केवढा ते विचारून मी माझ्या इवल्या पट्टीवर तेवढाच जोर लावला. मग प्रत्येक पट्टीवर बरेच रेणू मोजले. अडकून सुटायला त्यांना किती वेळ लागतो, पुढे किती वेगाने जातात. अ आणि ब मध्ये फरक नाही. पुन्हा नव्या पट्ट्या. फरक नाही. सरांनी चिठ्ठ्या उलगडल्या. अ जुना लॉट, ब नवा. जुळ्या बहिणी.

अण्णा म्हणाले, "मी काय म्हणत होतो!"

सर म्हणाले, "पण त्यांच्या जेलवर फराटा येतोय तो खोटा नाही. तो कुठून आला? हे सांगता येत नाही तोपर्यंत आपला रिपोर्ट म्हणजे अर्धा रिपोर्ट."

बरोबर होतं. मी पडद्याकडे बघत बसले. विचार केला, आपल्याला फराटा हवा असता तर आपण काय केलं असतं? उगीच म्हणून व्होल्टेजचा खटका वर केला. दुप्पट. त्याहून थोडा जास्त.

चित्र पालटलं. धागे आता गोळे होईनातच. ताठ ताणलेले, तीरासारखे सुटलेले. आणि एखादा अडकला की अडकलाच. दोन्ही टोकांना इतकी जोराची ओढ की तो जाळ्याच्या बारीक फटीत रुतून बसायचा. शेजारचा मात्र अडथळा न लागता पार पुढे निघून जायचा. सगळे एकाच लांबीचे, तरी कुणी पुढे, कुणी मध्ये लटकलेला, कुणी अजून दारातच. मी ओरडले, "सर, हा बघा फराटा!"

एकत्र चालणारे असले तर रेघ. पांगले तर फराटा. पट्टी बदलून बघितलं. जुना लॉट असो की नवा, जोर वाढवला की दोन्हीकडे हेच.

लगेच कोरमंगलाला फोन लावला. तिथल्या लॅबची मॅनेजर प्रियांका, नागपूरची मुलगी. आवाज ठणठणीत.

"तुम्ही व्होल्टेज वाढवलंय का?"

"नाही न मॅडम! शंभर म्हणजे शंभर. काहीच नाही बदललं. आम्ही तेच करून राहिलो आधीपासून. थांबा, फोटो पाठवते."

फोटो आला. मशीनच्या खिडकीत स्पष्ट शंभर.

अण्णा खचले. "आता?"

मी म्हटलं, "आता जाऊन बघू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कोरमंगलाला गेलो. गल्लीत पीजी हॉस्टेल आणि कॉफीची दुकानं, आणि एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ही लॅब. छान, नवीकोरी, पण चिंचोळी. प्रियांका दारातच भेटली. चेहऱ्यावर ताण होता. तीही बिचारी अडचणीत होती. तिच्याकडचे रिपोर्ट अडले होते आणि डॉक्टर तिला फोनवर फोन करत होते.

"मॅडम, मला अण्णांशी भांडायचं नाहीये. मला फक्त माझी रेघ पाहिजे," ती म्हणाली.

तिने सगळं करून दाखवलं. पावडर तोलली, उकळली, ओतली. एकही पायरी चुकली नाही. मग जेल टँकमध्ये ठेवलं. मी टँककडे बघितलं. टिफिनच्या डब्यापेक्षा जरा मोठा असेल.

"हाच टँक आहे पहिल्यापासून?"

"नाही, आधीच्या जागेत मोठा होता. इथं टेबलावर मावतच नव्हता, म्हणून शिफ्टिंगमध्ये हा छोटा घेतला. पण सेटिंग तेच ठेवलं. शंभर."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा माझ्याकडे. आणि आम्ही दोघं एकदम हसत सुटलो. प्रियांका बघतच राहिली. तिला वाटलं आम्ही तिला हसतोय.

"नाही गं," मी म्हटलं. "ये, सांगते. मुलांची घसरगुंडी असते ना? तिची उंची तेवढीच ठेवली आणि लांबी निम्म्याहून कमी केली तर काय होईल?"

"उभी होईल. पोरगं धाडकन खाली येईल."

"शंभर व्होल्ट म्हणजे उंची. टँकमधल्या दोन तारांमधलं अंतर म्हणजे घसरगुंडीची लांबी. तुझी उंची तीच आहे. घसरगुंडी आखूड झालीय."

तिने कपाळावर हात मारला. मग टँकमध्ये पट्टी धरून तारांमधलं अंतर मोजलं, मनात हिशेब केला आणि म्हणाली, "अय्या! म्हणजे डीएनए धाडकन..."

"धाडकन जाऊन तुमच्या जाळ्यात अडकून बसतो," अण्णा म्हणाले. "बघितलंय मी. डोळ्यांनी बघितलंय." हे 'डोळ्यांनी' त्यांनी असं उच्चारलं की नुकतेच काशीला जाऊन आल्यासारखं वाटलं.

शिफ्टिंग आणि अण्णांचा नवा लॉट एकाच सुमारास आले होते. बदल दोन झाले होते. डब्यावर नंबर छापलेला असतो म्हणून नवा लॉट लक्षात आला. टँक रोज समोर असायचा म्हणून लक्षात आला नाही. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. सगळे खरंच बोलत होते.

प्रियांकाने व्होल्टेज चाळीसवर आणलं. वेळ जास्त लागणार होता. "सरी, बरंय, तोवर जेवून येऊ," अण्णा म्हणाले आणि आम्हाला समोरच्या खानावळीत घेऊन गेले. प्रियांकाला भाकरी दिसली तसा तिचा चेहरा खुलला. तिने अण्णांना विचारलं, "तुम्ही खरंच डीएनए चालताना बघितला? कसा दिसतो?" मग अण्णांनी भाकरीचा तुकडा बाजूला ठेवून पाण्याच्या ग्लासाभोवती आपला रुमाल अडकवला आणि त्याची दोन टोकं ओढून तिला रस्सीखेच दाखवली. ग्लास आडवा झाला. पाणी माझ्या ताटात.

परत आलो. जेल बाहेर काढलं, निळ्या दिव्यावर ठेवलं. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. नवा लॉट, तोच डीएनए, तोच छोटा टँक. आणि रेघ. एक. बारीक. तिच्यामागे काही नाही.

प्रियांकाने "येस्स!" म्हणून हवेत मूठ उडवली. अण्णांनी लगेच कारखान्यात फोन लावला. पलीकडून कुणीतरी उचलला. अण्णा कन्नडमध्ये इतकंच म्हणाले, "सरोजक्का, पॅकिंग सुरू करा." पलीकडे जो गलका झाला तो मला हातभर अंतरावरून ऐकू आला.

इथे हे प्रकरण संपायला हरकत नव्हती. आम्ही रिपोर्ट पाठवला. थांबलेल्या गिऱ्हाइकांना प्रियांकाने स्वतः फोन केले आणि पावडर ठणठणीत असल्याचं सांगितलं. पण पुढच्याच आठवड्यात अण्णा पुन्हा दारात. ह्या वेळी डबे नव्हते.

"डॉक्टरसाहेब," ते सरांना म्हणाले, "एक मागणं आहे. माझ्या कारखान्यातल्या बायका वर्षानुवर्षं ही पावडर डब्यात भरतायत. हे कशाला लागतं असं विचारलं तर मी सांगायचो, मोठ्या लॅबमध्ये लागतं. त्यांना एकदा दाखवता येईल का?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता शंभर प्रश्न येणार. त्यांनी एकच विचारला. "शनिवारी चालेल? आणि तो वासाचा प्रकार आदल्या दिवशीच उरकून घ्या."

शनिवारी दुपारी कारखान्याची व्हॅन आली. ठेवणीतल्या साड्या, केसांत मोगरा. पुढे सरोजक्का, पॅकिंगच्या प्रमुख. येताना सगळ्यांसाठी पिशवीभर चकल्या आणि एक मोठा डबा. एवढ्या जणी छोट्या खोलीत मावेनात, म्हणून सरांनी कॅमेरा कॉन्फरन्स रूमच्या मोठ्या पडद्याला जोडायला लावला. एरवी तिथे विक्रीचे तक्ते दिसतात.

अण्णांनी मला बोलूच दिलं नाही. स्वतः पडद्याजवळ उभे राहिले आणि कन्नड-मराठीच्या मिश्रणात सांगायला लागले. "हे हिरवं आहे ना, हे डीएनए. माणसात, झाडात, सगळ्यांत असतं. आणि हे काळं आहे ना, हे आपलं. तुम्ही भरलेलं. उज्ज्वलाताई, सोड करंट!"

मी सोडला.

मग एक "अय्यो!" मग सगळीकडून. धागे निघाले, वळले, ताणले. मधला एक मोठा धागा अडकला. दोन टोकं पुढे, बरोबरीची ओढ. मागून कुणीतरी ओरडलं, "बिडो! बिडो!" म्हणजे सोड, सोड. लगेच दुसरीने धरलं, तिसरीने धरलं, आणि अख्खी कॉन्फरन्स रूम कबड्डीच्या मैदानासारखी घुमायला लागली. "बिडो! बिडो!" धागा काही सुटेना. उजवं टोक लांब झालंसं वाटायचं, पुन्हा डावं. सरोजक्का खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. डॉ. वेंकटेशही, मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, टेबलावर हात आपटत होते.

सुटला!

टाळ्या, शिट्ट्या. एक शिट्टी तर सरोजक्कांनीच वाजवली, दोन बोटं तोंडात घालून. धागा गोळा होऊन निवांत पुढे सरकला, त्याला काही पत्ताच नव्हता.

दंगा ओसरल्यावर सरोजक्कांनी विचारलं, "हे सगळं आमच्या पावडरीत आत होत असतं? रोज?"

"रोज. जिथे जिथे तुमचा डबा जातो तिथे तिथे," मी म्हटलं.

त्यांनी आपल्या मैत्रिणीचा हात दाबला आणि पुन्हा पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "स्वल्प अजून दाखवा की."

आम्ही स्वल्प म्हणत म्हणत संध्याकाळ केली. नमुना थकला, रंग फिका पडला, तेव्हाच दिवे लावले. मोठा डबा उघडला, त्यात धारवाडी पेढे होते. डॉ. वेंकटेश मधुमेही आहेत. त्यांनी दोन खाल्ले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काही बघितलंच नाही.

पुढे काय झालं तेही सांगते. कोरमंगलाची लॅब आजही अण्णांचीच पावडर घेते. अण्णांनी डब्यासोबतच्या कागदावर शंभर व्होल्ट खोडून, तारांमधल्या दर सेंटीमीटरला किती व्होल्ट ते छापलंय, आणि खाली ठळक अक्षरांत 'आधी टँक मोजा'. आमच्या डायरेक्टरांनी 'जिवंत जेल' अशी एक नवी सर्व्हिस काढली. तिला अजून एकही क्लायंट मिळालेला नाही, पण कुणी पाहुणे आले की त्यांना तेच आधी दाखवतात. मी अण्णांच्या नातीच्या बारशाला होसकोटेला जाऊन आले.

ह्यातून मी धंद्याचं म्हणून एवढंच शिकले. क्लायंट "काहीच बदललं नाही" असं सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला जे मोजायची सवय आहे तेवढंच तो मोजतो आणि ते खरंच बदललेलं नसतं. म्हणून हल्ली मी फोटो मागवत नाही. पर्स उचलते आणि रिक्षा बोलावते.